मोटारसायकलला कारचा अल्टरनेटर लावायचा का?

पावसाळ्यात रविवारी पहाटे इंदुराहून मांडूकडे निघालेल्या मोटारसायकली बघा. हँडलखाली दोन जादा दिवे, मोबाइलचा चार्जर, एखाद्याच्या मुठींना गरम होणारे ग्रिप. मांडूवर धुकं उतरलं की हे दिवे दिवसाढवळ्याही चालू राहतात. सोमवारी ऑफिसला निघताना बटण दाबलं की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातला सगळ्यांत धाडसी सल्ला म्हणजे ‘कारचा अल्टरनेटर टाक, कटकटच मिटेल.’

हा सल्ला चुकीचा नाही. फक्त ज्या गाडीला तो लागू पडतो ती गाडी बहुधा तुमच्या दारात उभी नाही.

विजेची ही ओढाताण अलीकडे वाढली त्यालाही कारण आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू होताच पेटतो, तो बंद करायची कळच नसते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आले. हे सगळं विजेवर चालतं. कंपनी जनरेटर ठरवते तो या खर्चाचा हिशेब मांडून, वर थोडी शिल्लक ठेवून. तुमचे जादा दिवे त्या शिलकीतून जळतात.

नर्मदेचा नळ आणि गच्चीवरची टाकी

इंदूरच्या घरांना नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून. नळ ठरलेल्या वेळी येतो, टाकी भरतो, आणि दिवसभर आपण टाकीतून वापरतो. मोटारसायकलचं बिऱ्हाडही असंच चालतं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारं यंत्र, हा नळ. बॅटरी ही टाकी. दिवे, हॉर्न, पंप या घरातल्या तोट्या.

व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे धार. दोन्हींचा गुणाकार वॅट. १४ व्होल्टवर १० अँपिअर वाहत असतील तर १४० वॅट खर्च होतात. पुढचे सगळे हिशेब एवढ्यावरच चालतात.

नळातून येतं त्याहून जास्त तोट्यांतून गेलं तर टाकी रिकामी होणारच. म्हणूनच ‘मोठी बॅटरी टाका’ हा सल्ला अर्धवट आहे. मोठी टाकी उशिरा रिकामी होते, पण भरायलाही तेवढाच जास्त वेळ घेते. नळाची धार त्यानं वाढत नाही.

गाडीच्या नळाची एक खोडही लक्षात ठेवायची. त्याची धार इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरते. मॅन्युअलमध्ये ‘२२० वॅट’ लिहिलेलं असतं ते बहुधा मिनिटाला ५,००० फेऱ्यांचं असतं. पलासियाच्या सिग्नलला गाडी हजार-बाराशे फेऱ्यांवर धडधडत उभी असते तेव्हा त्याच्या निम्मीसुद्धा वीज बनत नाही, आणि हेडलाइट, पंप, ब्रेकचा दिवा सगळं चालूच असतं. गावात फिरणाऱ्या गाडीची बॅटरी हायवेवर पळणाऱ्या गाडीच्या आधी बसते, ती यामुळे.

आधी वहीत हिशेब

साधारण ३५०-४०० सीसीची इंजेक्शनवाली गाडी घेऊ. हेडलाइट ५५ वॅट. मागचा दिवा आणि मीटर मिळून १०. पंप, इंजेक्टर, ईसीयू आणि ठिणगी मिळून ८० ते १००. म्हणजे १४५ ते १६५ वॅट कायमचे. ब्रेक दाबला की आणखी २१. इंडिकेटर उघडझाप करतो म्हणून त्याचे सरासरी १० धरा. पाण्यानं थंड होणारी गाडी असेल तर पंख्याचे वेगळे ४०-६०. आता हौसेचं सामान: २०-२० वॅटचे दोन दिवे, १५ चा चार्जर, ३५ चे गरम ग्रिप. ही झाली ९० वॅटची भर. बेरीज अडीचशेकडे गेली, आणि नळ आहे २२० चा, तोही ५,००० फेऱ्यांना.

दिव्यांच्या खोक्यावरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. स्वस्त एलईडीवर ‘१२० वॅट’ बिनदिक्कत छापलेलं असतं. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खुणेवर लावून दिव्याच्या वायरीत मधे जोडला की खरा आकडा कळतो. १.६ अँपिअर दिसले तर १.६ गुणिले १३.८, म्हणजे जेमतेम २२ वॅट. खोटं इथे आपल्या फायद्याचं ठरतं, हा भाग निराळा.

सेल्फचा मात्र लोक उगाच धसका घेतात. तो शंभर अँपिअर खेचतो खरा, पण दोन सेकंद. दोन अँपिअर बॅटरीत परत जात असतील तर ते दोन-तीन मिनिटांत भरून निघतं.

रोग खरंच जनरेटरचा आहे का?

नवा अल्टरनेटर शोधायच्या आधी अर्धा तास आणि एक साधा मल्टिमीटर. इंजिन रात्रभर बंद ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा: भरलेली शिशाची बॅटरी १२.६ किंवा जास्त दाखवते. गाडी चालू करून ३,००० फेऱ्यांवर मोजा: १३.८ ते १४.४ यायला हवेत. मग सगळे दिवे, ग्रिप, चार्जर चालू करून पुन्हा त्याच फेऱ्यांवर मोजा. आकडा १३.२ च्या खाली गेला तर तोट्या नळाला भारी पडताहेत किंवा नळातच बिघाड आहे.

बिघाड ओळखायला इंजिनाकडून येणाऱ्या तीन वायरींचा प्लग शोधा. बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या असतात. प्लग काढल्यावर एखादी पिन तपकिरी पडलेली किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर निम्मा शोध तिथेच लागला. सैल पिनेत विरोध वाढतो, विरोधानं उष्णता, उष्णतेनं पीन आणखी सैल. चार्जिंग बसल्याच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं, आणि नव्या प्लगनं ते मिटतं. प्लग शाबूत असेल तर तो काढलेला ठेवूनच इंजिन ५,००० फेऱ्यांना न्या आणि दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांत सारखाच, साधारण ५० ते ७० चा आकडा यावा. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळली. इंजिन बंद करून यातली कुठलीही वायर आणि इंजिनाचा धातू यांत ओम (विजेचा विरोध) मोजा: संबंध अजिबात दिसता कामा नये.

राहिली सोमवार सकाळ. किल्ली काढल्यावरही बॅटरीतून काही झिरपतंय का, ते बघा. थेट बॅटरीला जोडलेला, व्होल्टचे आकडे दाखवणारा चार्जर २० मिलिअँपिअर खातो असं धरा. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास). ९ अँपिअर-तासाची बॅटरी नऊ-दहा दिवसांत निम्मी. त्यावर इलाज अल्टरनेटर नाही. किल्लीबरोबर चालू-बंद होणारा रिले (विजेनं चालणारी कळ) घाला, काम झालं.

ओव्हरफ्लोचा पाइप आणि बॉल कॉक

हे सगळं तपासूनही वीज कमीच पडत असेल, तरच पुढचं वाचा.

मोटारसायकलमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला कायमच्या लोहचुंबकांचं चाक फिरतं. आपल्याकडे गॅरेजवाले त्याला नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. आत तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल असते, तिचं नाव स्टेटर. लोहचुंबक कायमचा असल्यानं त्याला ‘आता कमी बनव’ सांगता येत नाही. फेऱ्या वाढल्या की वीज वाढतेच. मग जादा विजेचं काय होतं? बहुतेक गाड्यांतला रेग्युलेटर (व्होल्ट आवाक्यात ठेवणारा भाग) ती कॉइलमध्येच परत फिरवून जमिनीला जोडतो, म्हणजे शॉर्ट करतो. गच्चीवरची टाकी भरली तरी नळ चालूच, जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपनं खाली. तुम्ही दिवे बंद केलेत तरी कॉइल तेवढीच राबते, तेवढीच तापते. रेग्युलेटरला पंख असतात आणि तो हवेत टांगलेला असतो, त्याचंही कारण हीच उष्णता.

कारच्या अल्टरनेटरात आतला लोहचुंबक विजेवर बनतो. त्याच्या गुंडाळीत दोन ते चार अँपिअर सोडले की तो जोरात येतो, कमी सोडले की मंदावतो. रेग्युलेटर एवढीच छोटी धार सांभाळतो. हा बॉल कॉक: टाकी भरली की नळ आपोआप बंद. जादा वीज बनतच नाही, म्हणून उधळपट्टीची उष्णताही नाही. किंमत म्हणून त्यात कार्बनचे ब्रश असतात आणि ते झिजतात.

दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं असं माझं मत आहे. ‘सिरीज’ प्रकारचा रेग्युलेटर जादा वीज शॉर्ट करत नाही, वाट तोडतो. शिंदेंगेन या जपानी कंपनीचे एसएच-७७५ आणि एसएच-८४७ हे त्यातले सर्वपरिचित. त्यानं वीज वाढत नाही, पण कॉइल गार राहते. जास्त वॅटची कॉइल भरून घ्यायची असेल तर हा रेग्युलेटर आधी हवा. ओव्हरफ्लोवाला रेग्युलेटर तसाच ठेवून नुसती ‘हाय पॉवर’ कॉइल घातली, तर जुन्याहून जास्त वीज तिच्यातच जिरत राहते आणि ती लवकर जळते.

बाहेरचा अल्टरनेटर कुणाला शोभतो

ही कल्पना पागलपणाची नाही, कारण कंपन्यांनीच ती केली आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या हवेनं थंड होणाऱ्या जोडसिलिंडर गाड्यांना क्रँकच्या टोकावर २८० वॅटचा बॉशचा अल्टरनेटर असे. १९९३ च्या आर-११०० आरएसमध्ये तो क्रँकवरून उतरवून इंजिनावर बसवला, पट्ट्यानं फिरवला आणि ७०० वॅट मिळवले. मोटो गुझीनं ब्रेव्हा ११०० मध्ये दोन सिलिंडरांच्या खाचेत ५४० वॅटचा अल्टरनेटर बसवला.

हौशी मंडळींच्या करामतीची गाजलेली गाडी म्हणजे जुनी होंडा गोल्डविंग, १००० ते १२०० सीसीची. तिचा स्टेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तो बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. त्यापेक्षा क्रँकच्या पुढच्या टोकाला पुली लावून छोट्या कारचा अल्टरनेटर पट्ट्यानं फिरवणं स्वस्त, असा साधा हिशेब अमेरिकेतल्या मालकांनी केला आणि तो टिकला. या गाड्यांत तीन गोष्टी जुळून येतात: क्रँकचं टोक उघडं करता येतं, इंजिनासमोर हातभर जागा असते, आणि इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की चार किलोचं ओझं बोल्टवर टिकतं.

बुलेट किंवा तत्सम एकसिलिंडरी गाडीत यातलं एकही नाही. क्रँकचं एक टोक प्रायमरीच्या झाकणात, दुसरं टायमिंगच्या. एका सिलिंडरचे हादरे कुठल्याही ब्रॅकेटला महिनाभरात चिरा पाडतील. आणि वीस हॉर्सपॉवरच्या इंजिनातून सुमारे दोन अल्टरनेटरला दिले तर घाटात उरलं काय? अशा गाडीवर करून देतो म्हणणारा मेकॅनिक कितीही कसबी असला तरी नाही म्हणा.

पुली आणि पट्टा: खरं काम इथे आहे

छोट्या कारचा अल्टरनेटर साधारण हजार ते दीड हजार फेऱ्यांना वीज द्यायला लागतो आणि पाच-सहा हजारांना पूर्ण जोरात येतो. वरची मर्यादा पंधरा हजारांच्या पुढे कुठेतरी, मॉडेलप्रमाणे. क्रँकला १०० मिमीची पुली, अल्टरनेटरला ६० ची असं धरलं तर प्रमाण पडतं १.६७. इंजिन १,००० ला तर अल्टरनेटर १,६७०: वीज सुरू. हायवेला ४,००० ला तर ६,७००: पूर्ण जोर. इंजिन ८,००० ला ओढलं तर १३,३००: अजून मर्यादेत. सिग्नलला जास्त वीज हवी म्हणून क्रँकची पुली १४० ची केली, तर तिकडे वरच्या टोकाला अल्टरनेटर १८,७०० वर जाईल. आतल्या तारा बाहेर फेकल्या जायची वेळ ती. कारच्या इंजिनापेक्षा मोटारसायकलचं इंजिन जास्त फिरतं, म्हणून कारचंच प्रमाण उचलून इथे लावायचं नाही.

क्रँकची पुली खरादीवर कातून घ्यावी लागते. ती बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येत नाही. क्रँकच्या टोकावरच्या गोल खांद्यात घट्ट बसेल अशी बैठक कातायची आणि बोल्ट नुसते धरून ठेवायला. बसवल्यावर डायल गेजनं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकानं) डगमग बघा, ०.१ मिमीच्या आत हवी. पुली जितकी बाहेर लोंबेल तितका क्रँकच्या टोकावर ताण, म्हणून ती इंजिनाला चिकटून ठेवायची. पूर्ण भारात पट्ट्याचा आडवा ओढ पंधरा-वीस किलोच्या घरात जातो. मोठ्या इंजिनाची मुख्य बेअरिंग तो पचवते, पण लांब दांड्यावरची पुली तेवढ्यात ऑइल सील खराब करते.

पट्टा रिब असलेला घ्या, चार किंवा पाच रिबांचा. त्यावर ‘४ पीके ७००’ असं लिहिलेलं असतं: चार रिब, ७०० मिमी लांबी. इंग्रजी व्ही आकाराचा जुना पट्टाही चालतो, पण छोट्या पुलीवर वाकताना तो जास्त तापतो. छोट्या पुलीला पट्ट्यानं वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वेढा घातला तर तो भारात घसरेल. पावसात किंचाळणारा आवाज येतो तो हाच.

दोन्ही पुल्या एका रेषेत असणं, हे सगळ्या कामाचं मर्म आहे. स्टीलची सरळ पट्टी दोन्हींच्या तोंडावर टेकवायची. दर १०० मिमी अंतराला अर्ध्या मिमीहून जास्त फट नको. पट्टा कडेनं पिंजला जात असेल, पट्ट्याची काळी भुकटी आजूबाजूला जमत असेल तर रेष चुकली आहे. पट्टा बदलून उपयोग नाही, ब्रॅकेटला वॉशर लावून रेष सुधारा. ताण किती? दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्यानं दाबा. दर १०० मिमीला दीड मिमी लवला तर ठीक. २०० मिमीचा मोकळा भाग असेल तर तीन मिमी. ‘घसरतोय’ म्हणून आवळत राहिलात तर अल्टरनेटरची पुढची बेअरिंग जाईल.

ब्रॅकेट इंजिनालाच हवा. एक टोक इंजिनाला, दुसरं फ्रेमला असं करू नका. रबरावर बसलेलं इंजिन फ्रेमच्या मानानं हलतं, आणि प्रत्येक हलण्याबरोबर पट्ट्याचा ताण बदलतो. सहा मिमी जाडीची लोखंडी पट्टी, खाली एक बिजागरीसारखा बोल्ट, वर खाच असलेली ताणपट्टी. बोल्ट निदान ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, सियागंजात घेताना तो बघून घ्या. कंपनीची गाडी बाजारात यायच्या आधी टेस्ट ट्रॅकवर राबते. आपल्या शेजारच्या पिथमपूरलाच असा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. तुमच्या ब्रॅकेटची परीक्षा मात्र थेट एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) होणार, तेव्हा वेल्डिंगच्या कडा गोल करा आणि कोपऱ्यात त्रिकोणी आधार द्या.

जागा मोजताना गाडी स्टँडवर ठेवून मोजू नका. पुढचा शॉक पूर्ण दाबून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोजा. अल्टरनेटर कुठल्या दिशेला फिरणार तेही बघा. उलटा फिरला तरी वीज बनते, पण पंख्याची पाती तिरकी असतील तर तो हवा नीट ओढत नाही. भेरूघाटात ट्रकामागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना फेऱ्या जास्त आणि वारा शून्य, अशा वेळी आतले डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) जळतात. सायलेन्सरजवळ बसवायचा झाला तर मधे पत्र्याचा आडपडदा हवाच. माळव्याची काळी माती पावसात पट्ट्यावर बसली की वाळून खरकागद होते, म्हणून खालून पुढच्या चाकाच्या बाजूला गार्ड लावा. पट्टा तुटला तर तो चाकात जाऊ नये, हेही काम तोच गार्ड करतो.

वायरी: इथे कंजुषी आग लावते

५० अँपिअरचा अल्टरनेटर असेल तर जाड वायर १० चौरस मिमीची घ्या. एक मीटर लांबीत तिच्यात ०.१ व्होल्टहून कमी पडतो. गाडीतली नेहमीची अडीच चौरस मिमीची वायर वापरली तर त्याच लांबीत जवळपास ०.४ व्होल्ट जातात, आणि ती वायर तापून वरचं प्लॅस्टिक मऊ पडतं. अर्थिंगची वायर तेवढ्याच जाडीची. अल्टरनेटरच्या अंगातून थेट बॅटरीच्या वजा टोकाला. रंग खरवडून.

बॅटरीच्या अधिक टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज अल्टरनेटरसाठी नाही, बॅटरीसाठी आहे. ब्रॅकेटवर घासून जाड वायर उघडी पडली तर बॅटरीची सगळी ताकद तिथे ठिणगी होऊन निघेल.

अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या प्लगमध्ये बहुधा दोन पिना असतात. एक किल्लीनंतरच्या प्लसला, दुसरी चार्जिंगच्या दिव्यामार्गे किल्लीला. या दिव्यातून जाणारी थोडी वीजच अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करते. हौसेनं तिथे एलईडी लावला तर वीज इतकी कमी जाते की अल्टरनेटर जागाच होत नाही, आणि लोक तो खराब समजून परत करतात. दोन-तीन वॅटचा साधा बल्ब ठेवा, किंवा एलईडीला समांतर ६८ ओमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावा.

जुन्या कॉइलचा तीन वायरींचा प्लग काढून प्रत्येक वायर वेगळी गुंडाळून ठेवा. चुंबकाचं चाक मात्र काढू नका. ईसीयूला क्रँकची जागा सांगणारा पिकअप बहुधा त्याच्याच कडेवरून वाचतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नका. टाकीच नाहीशी झाली की नळाचा सगळा दाब तोट्यांवर येतो, व्होल्ट क्षणात उसळतो आणि पहिला बळी ईसीयूचा जातो.

‘पण मायलेज?’

नर्मदेचं पाणी वर चढवायला विजेचं बिल येतं. अल्टरनेटरची वीज बनवायला पेट्रोल जातं. कारचा अल्टरनेटर त्याला दिलेल्या ताकदीच्या निम्म्याहून थोडं जास्तच विजेत बदलतो, बाकी उष्णता. ७०० वॅट पूर्ण घेतले तर इंजिनाला सुमारे १,३०० वॅट मोजावे लागतात, म्हणजे पावणेदोन हॉर्सपॉवर आणि तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल. पण बॉल कॉक असल्यामुळे तुम्ही वापराल तेवढंच लागतं. १५० वॅट जास्त वापरले तर तासाला ०.१२ लिटरच्या आसपास. ६० च्या वेगानं ३० चं ॲव्हरेज देणारी गाडी २८ वर येईल.

‘छोट्या बॅटरीला एवढं झेपेल का?’

भरलेल्या बॅटरीला झेपतं, ती लागेल तेवढंच घेते. धोका पूर्ण उतरलेल्या बॅटरीचा. जंप देऊन चालू केलेली ९ अँपिअर-तासाची बॅटरी मोठ्या अल्टरनेटरसमोर अधाशासारखी वीज ओढते, तापते, फुगते. ती आधी चार्जरवर हळू भरा. लिथियम बॅटरी तर याहून अधाशी. तिथे सिग्नलला कमी फेऱ्यांवर पूर्ण जोर द्यावा लागल्यानं अल्टरनेटरच जळू शकतो.

‘आरटीओ काही म्हणेल का?’

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिनाला बाहेरून पुली आणि पट्टा लावणं हे चार्जर लावण्याइतकं किरकोळ नाही. करायचंच तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर शॉर्टसर्किटच्या दाव्याला तेच निमित्त पुरेल. डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर चालान होतं ते वेगळंच. त्याचा अल्टरनेटरशी संबंध नाही.

पहिले पाचशे किलोमीटर

नवा पट्टा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरात बसतो आणि सैल पडतो. तेव्हा अंगठ्यानं पुन्हा तपासा आणि ताण द्या. ब्रॅकेटच्या प्रत्येक बोल्टावर आणि नटावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा; रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे. पुली गार झाल्यावर क्रँकच्या टोकाशी बोट फिरवा, तेलाचा ओलावा लागला तर सील गेलं. जाड वायरीच्या दोन्ही टोकांना लांबच्या फेरीनंतर लगेच हात लावा. तिथे चटका बसला तर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) पुन्हा दाबून घ्या. आणि सगळं सामान चालू ठेवून गाडी सिग्नलच्या फेऱ्यांवर उभी असताना एकदा मल्टिमीटर लावा. तिथे १३.२ दिसत नसतील तर ७०० वॅटचा अल्टरनेटर लावूनही सोमवारी सकाळी तोच ‘टक्’ ऐकू येईल, आणि तेव्हा मोजायची ती क्रँकवरची पुली.